भिंतीआडचे सागवान

पेशवेकालीन वाड्याचा दर्शनी भाग विटांचा दिसतो. घराचा भार मात्र आतले लाकूड वाहते. ही साधी गोष्ट विसरली गेल्यामुळे कित्येक धडधाकट वाडे पडले आणि कित्येक आजारी वाड्यांवर चुकीचे उपचार झाले.

मराठी माणसाच्या बोलण्यात जुने घर अजून शाबूत आहे. कृतघ्न माणसाला आपण खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतो. दिवस पालटले की घर फिरले, घराचे वासेही फिरले, अशी खंत करतो. जगाची रीत उलटी झालेली दिसली की वळचणीचे पाणी आढ्याला गेल्याचे सांगतो. वासे, आढे, वळचण हे सारे शब्द छपराच्या लाकूडकामातले आहेत. ज्या पिढ्यांनी हे वाक्प्रचार घडवले, त्यांच्या दृष्टीने घर म्हणजे लाकडांची एक नेमकी मांडणी होती. भिंत ही त्या मांडणीभोवती घातलेली शाल.

आज पुण्याच्या कसबा, शनिवार, सदाशिव किंवा नारायण पेठेतून जाताना एखादा जुना वाडा दृष्टीस पडतो, तेव्हा आपल्याला आधी दिसते ती रस्त्यालगतची विटांची भिंत. तिचा गिलावा निघालेला असतो, पातळ विटा उघड्या पडलेल्या असतात, एखाद्या सांध्यातून पिंपळाचे रोप डोकावत असते. पाहणारा मनाशी म्हणतो, ‘संपले हे घर आता!’ हा निर्णय बहुधा घाईचा ठरतो. कारण जे दिसले ती भिंत होती. घर तिच्या आत, सागवानी खांबांवर उभे आहे.

खणांच्या मापाचे घर

वाड्याची रचना समजून घ्यायची तर ‘खण’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे पूर्वी चौरस फुटांत सांगत नसत. सोपा पाच खणांचा आहे, दिवाणखाना सात खणांचा आहे, असे सांगत. लाकडाची तुळई किती लांबीचा भार सुरक्षितपणे पेलू शकते, यावर खणाची लांबी ठरे. म्हणजे झाडाच्या खोडाच्या मापाने खोलीचे माप ठरत असे. वाड्यातील दालने अरुंद आणि लांब का असतात, याचे उत्तर इथे आहे. रुंदी वाढवायची तर मध्ये खांबांची आणखी एक रांग द्यावी लागे.

या रचनेची सुरुवात जमिनीपासून होते. काळ्या घडीव दगडांचे जोते बांधून त्यावर ठरावीक अंतराने दगडी तळखडे बसवले जात. खांब थेट मातीत न रोवता या तळखड्यावर उभा करीत. जमिनीतील ओल वर चढून लाकडात शिरू नये, वाळवीला मार्ग मिळू नये, हा त्यामागचा हेतू. खांबाच्या माथ्यावर आडवा लाकडी हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर हातभर अंतराने मांडलेल्या कड्या आणि कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, असा हा क्रम आहे. खालून पाहिले असता दिसणाऱ्या या छताला ‘कडीपाट’ म्हणतात. फळ्यांवर माती अंथरून, ठोकून, सारवून वरच्या मजल्याची जमीन तयार होई. सर्वांत वर आढे, वासे आणि कौले. आणि जिथे पाऊस कमी, तिथे उतरत्या छपराऐवजी मातीचे सपाट माळवद.

हस्ताचे काम विशेष पाहण्यासारखे आहे. खांबाचा माथा जेमतेम वीतभर रुंद. त्यावर तुळईचा सारा भार एका ठिकाणी आला तर लाकूड चेपते. हस्त दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने तो भार विभागून घेतो आणि तुळईचा उघडा गाळाही थोडा कमी करतो. कारागिरांनी त्यावर वेलबुट्टी कोरली, पोपट आणि मोर बसवले, त्यामुळे आपण तो शोभेचा भाग समजतो. प्रत्यक्षात त्याची उपयुक्तता आधीची, शोभा नंतरची.

सांधे जोडण्यासाठी खिळ्यांचा वापर बेताचाच असे. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच पाडायची, दोन्ही एकमेकांत बसवून आडवी पाचर ठोकायची, ही सुतारांची मुख्य रीत. असा सांधा घट्ट असतो, पण ताठर नसतो. हादरा बसला की तो किंचित सरकतो, कुरकुरतो आणि पुन्हा जागेवर येतो. शिवाय पाचर काढली तर संपूर्ण सांगाडा सुटा करून दुसरीकडे उभा करता येतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात याचा पुरावा पाहावयास मिळतो. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष तेथून आणून संग्रहालयात ‘मस्तानी महाल’ या दालनाच्या रूपाने पुन्हा मांडलेले आहेत. सिमेंट-काँक्रीटच्या घराचे असे स्थलांतर संभवत नाही.

दर्शनी भिंत विटांची का?

भार लाकूड वाहत असेल, तर मग दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीचे प्रयोजन काय? ऊन, पाऊस, चोर आणि परचक्र यांपासून रक्षण, हे पहिले उत्तर. दाट वस्तीच्या पेठेत शेजारच्या घराला आग लागली तर ती लगेच आत येऊ नये, हे दुसरे. आणि घराण्याची पत रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावी, हे न बोललेले तिसरे.

शनिवारवाडा हे या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या वेळी १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. सागवान जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आणल्याचे सांगितले जाते. त्याच्या तटाकडे पाहिले की खाली घडीव दगड आणि वर विटा, अशी सरळ विभागणी दिसते. दगडी महाल बांधण्याचा मान छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे, म्हणून वरचे काम विटांत करावे लागले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी या विभागणीमागे व्यवहार आहेच. जमिनीलगत ओल, धक्के आणि झीज अधिक. तिथे दगड हवा. वर वजन कमी हवे, काम लवकर व्हायला हवे. तिथे वीट सोयीची. पेठांतील सरदारांनी, सावकारांनी आणि भिक्षुकांनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे हाच धडा गिरवला.

त्या काळची वीट आजच्या विटेपेक्षा पातळ आणि पसरट होती. पातळ वीट भट्टीत आतपर्यंत चांगली भाजली जाते आणि तिच्या थरांत चुना भरपूर बसतो. चुना तयार करणे हेही स्वतंत्र शास्त्र होते. भाजलेली चुनखडी पाण्यात विरवायची, तीत वाळू आणि विटांची सुरखी मिसळायची आणि बैलाच्या घाणीत ते मिश्रण लोण्यासारखे होईपर्यंत दळायचे. चिवटपणासाठी गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांचा उपयोग करण्याची प्रथा होती. असा चुना सावकाश घट्ट होतो, वर्षानुवर्षे हवेतील कर्बवायू शोषून कठीण होत जातो आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर पडू देतो. मात्र हा खर्च सर्वांना झेपणारा नव्हता. कित्येक घरांत बाहेरची, रस्त्याकडची विटांची भिंत चुन्यात आणि आतल्या भिंती मातीत बांधलेल्या असत. या काटकसरीची किंमत पुढे मोजावी लागली.

विश्रामबागवाड्याचे मुख

विटांची भिंत आणि लाकडी सांगाडा यांचा मेळ कसा साधला जाई, हे पाहण्यासाठी पुण्यातला विश्रामबागवाडा उत्तम. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बांधवून घेतला. सुमारे दोन लाख रुपये त्यावर खर्च झाले, असे सांगतात. १८१८ मध्ये पेशवाई संपेपर्यंत तो त्याचे निवासस्थान होता. त्यानंतर ६ ऑक्टोबर १८२१ रोजी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि याच पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उदयास आले.

बाजीराव रस्त्यावरून वाड्याकडे पाहिले की त्याच्या मुखात लाकूडकाम आत लपलेले नाही, ते सज्ज्याच्या रूपाने बाहेर आले आहे, हे लक्षात येते. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत जाणारे कोरीव खांब, त्यांवरील केळफुलाचे आकार, खांबांना जोडणाऱ्या महिरपी आणि सज्ज्याला खालून आधार देणारे तिरपे लाकूड, अशी ही रचना आहे. दर्शनी भागाच्या मागे चौकांभोवती दालने मांडलेली आहेत. बाहेरच्या खिडक्या मोजक्या. उजेड आणि वारा घेण्याचे खरे काम चौकाचे. उन्हाळ्यात चौकातली गरम हवा वर निघून जाते आणि ओसरीची सावली थंड राहते. वाईजवळ मेणवली येथे कृष्णेच्या काठी नाना फडणिसांचा सहा चौकांचा वाडा आजही उभा आहे. तिथेही भिंतींच्या आडोशाने खासगी जीवन आणि चौकांच्या आधाराने हवा-उजेड, हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर राबवलेले दिसते.

भिंतीची जाडीही वाया जाऊ दिलेली नसे. तिच्या पोटात कोनाडे, फडताळे, क्वचित वर जाणारा अरुंद जिना बसवलेला असे. दरवाज्याच्या चौकटीवर गणेशपट्टी, मोठ्या दरवाज्यात एकाच माणसाला वाकून आत येता येईल अशी दिंडी आणि आत पहारेकऱ्याची देवडी. घराच्या सुरक्षिततेचा आणि घरी येणाऱ्याच्या मानमरातबाचा विचार एकाच वेळी केलेला इथे दिसतो.

आग, पाणी आणि भूकंप

लाकडाच्या घराचा पहिला शत्रू आग. शनिवारवाड्याला एकाहून अधिक आगी लागल्या. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग काही दिवस धुमसत राहिली आणि आतील महाल नष्ट झाले. तट उरला, दिल्ली दरवाजा उरला, त्यावरील नगारखाना उरला आणि आत जोती उरली. १३ मे १८७९ रोजी बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली. बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुढे नव्याने बांधून काढण्यात आला. जाड सागवान एकदम पेटत नाही. वरचा थर कोळशात बदलतो आणि काही काळ आतल्या लाकडाचे रक्षण करतो. परंतु पातळ फळ्या, पडदे, तेलाचे दिवे आणि अरुंद बोळ एकत्र आले की हा वेळ पुरत नाही. आज दिव्यांची जागा जीर्ण विद्युत तारांनी घेतली आहे, एवढाच फरक.

दुसरा शत्रू पाणी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठा बुडाल्या. मातीत बांधलेल्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या. खालचा आधार सुटलेली कित्येक जुनी घरे पाणी ओसरत असताना आणि ओसरल्यावरही कोसळली. काटकसर म्हणून चुन्याऐवजी मातीत बांधलेल्या भिंतींनी दीडशे-दोनशे वर्षांनंतर असा हिशेब चुकता करून घेतला. पुराची घटना अपवादात्मक. मात्र गळके कौल, तुंबलेला पन्हाळ आणि फुटलेला नळ हे तेच काम रोज थोडे थोडे करीत असतात.

भूकंपाची गोष्ट निराळी आहे आणि ती अधिक बोधप्रद आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली. तिथली घरे लाकडी खणांची होती, पण भिंती जाड दगडांच्या आणि मातीत रचलेल्या होत्या. डोक्यावर मातीचे जड माळवद होते. पाहणीत असे दिसून आले, की अनेक घरांच्या भिंती पूर्ण ढासळल्या असताना लाकडी सांगाडा मात्र उभा राहिला होता. माणसे गेली ती मुख्यतः भिंतींच्या दगडांखाली. दुर्दैवाने लोकांच्या मनात धास्ती बसली ती एकूणच जुन्या पद्धतीची, आणि लाकूडही दगडांबरोबर दोषी ठरले.

२६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपाने याचीच दुसरी बाजू दाखवली. अहमदाबादेत नव्या, सिमेंट-काँक्रीटच्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या; जुन्या शहराच्या पोळांमधली, विटांच्या भिंतीत लाकडी पट्टे गुंफलेली घरे मात्र बहुतांशी टिकली. काश्मीरमध्ये विटांच्या खांबांना प्रत्येक मजल्यावर लाकडी पट्ट्यांनी बांधणारी ‘ताक’ पद्धत आणि लाकडी चौकटीत विटांचे तुकडे भरणारी ‘धज्जी देवारी’ पद्धत रूढ आहे. ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात त्या पद्धतींच्या घरांनीही तुलनेने चांगला तग धरला. लाकूड वाकते, वीट भार घेते; दोघे नीट बांधलेले असतील तर हादरा वाटून घेतात. भिंत आणि सांगाडा यांची फारकत झाली, की मात्र भिंत मारक ठरते. हा धडा वाड्यांनाही लागू आहे.

मराठी वास्तूंचा विस्तार

मराठ्यांच्या सत्तेबरोबर ही बांधणी महाराष्ट्राबाहेरही गेली. त्या त्या प्रांतातील मराठी वाचकांनी ती जरूर पाहावी. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील तांबेकरवाडा हा त्यांपैकी एक. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेले भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. वीट आणि लाकडाच्या या मराठी धाटणीच्या घरात एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत आणि लाकूडकामावर गुजराती कारागिरीचा ठसा आहे. इंदूरचा सात मजली राजवाडा हे दुसरे उदाहरण. मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ मध्ये त्याचे काम सुरू झाले. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, अशी त्याची विभागणी. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा त्याला आगीची झळ पोहोचली, आणि तरीही त्याचे प्रवेशद्वाराकडील मुख शहराची ओळख म्हणून उभे आहे.

घर कशाने खचते?

वाडे पडले त्याला केवळ वय कारणीभूत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी चाळीसच्या दशकातील पातळीवर गोठली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्या कायद्याने मोठा आधार दिला, हे खरेच. परंतु पुढील पन्नास वर्षांत दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढला आणि भाडे जागच्या जागी राहिले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढीची तरतूद केली. पण चार टक्के कशाच्या, तर मुळातल्या नाममात्र भाड्याच्या. मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला ती आपली जबाबदारी वाटत नाही, वारसदार अनेक आणि विखुरलेले. या तिढ्यात छप्पर गळत राहते.

याशिवाय काही इजा हेतुपुरस्सर नसल्या, तरी घराच्या मुळावर येतात. दुकानासाठी दर्शनी भिंत कापून तिथे लोखंडी शटर बसवले जाते. जागा वाढवण्यासाठी मधला खांब काढला जातो. लाकडी मजल्यावर न्हाणीघर बांधून फरशी आणि सिमेंट ओतले जाते. तिथले पाणी झिरपून तुळईच्या टोकाशी साचते. आणि सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. सिमेंटचा कवच ओल बाहेर पडू देत नाही. ओल आत कोंडली की विटांना लोणा लागतो, वीट भुसभुशीत होते आणि भिंतीत दडलेला खांब तळाशी कुजू लागतो. बाहेरून मात्र भिंत नवीकोरी दिसत असते.

आधी खांब पाहावा

जुना वाडा वारशाने मिळालेल्या किंवा त्यात राहणाऱ्या कुटुंबाने निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. सुरुवात छपरापासून करावी. आढे सरळ रेषेत आहे की मधे झुकले आहे? कौले सरकली आहेत का? पन्हाळाचे पाणी कोठे पडते? त्यानंतर प्रत्येक खांबाचा तळ तपासावा. हातोडीने हलके ठोकल्यावर टणक आवाज आला तर लाकूड निरोगी. पोकळ, बद्द आवाज आला तर आत वाळवी किंवा कूज असण्याचा संभव. बारीक सामता टोचून पाहिला असता तो सहज आत शिरला, तर शंका खरी ठरते. तुळयांची भिंतीत गेलेली टोके हा सर्वांत नाजूक भाग. तिथे लाकूड दिसत नाही, हवा लागत नाही आणि ओल मात्र पोहोचते.

यानंतर भिंतीकडे वळावे. ओळंबा लावून ती किती बाहेर झुकली आहे, ते पाहावे. भिंतीला पोट सुटले असेल आणि खांबापासून ती सुटी झाली असेल, तर तो गंभीर इशारा होय. अशा भिंतीखालून वावरणे धोक्याचे असते. उलट खांब, हस्त आणि तुळया निरोगी असतील, तर खराब झालेली भिंत उतरवून पुन्हा बांधता येते. तितके दिवस घर टेकूंवर उभे राहू शकते.

लाकडाचीही दुरुस्ती होते. तुळईला टेकू देऊन खांबावरचा भार काढून घ्यायचा, कुजलेला तळ कापायचा आणि त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा पायरीच्या सांध्याने जोडायचा, हे कसबी सुतारास जमणारे काम आहे. तुळईचे टोक गेले असेल तर दोन्ही बाजूंनी गंज न धरणाऱ्या पोलादी पट्ट्या बसवता येतात. टोकाभोवती थोडी मोकळी जागा ठेवली की हवा खेळते. गिलावा पुन्हा चुन्याचाच करावा. विद्युत तारा बदलाव्यात. या सगळ्याला वास्तुसंवर्धन जाणणाऱ्या अभियंत्याचे मार्गदर्शन हवेच, कारण अर्धवट माहितीवर काढलेला एक खांब चार खणांना खाली आणू शकतो. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे काम पुणे महापालिकेने टप्प्याटप्प्याने करून घेतले. त्यामुळे ही दुरुस्ती कशी दिसते, हे कोणासही रस्त्यावर उभे राहून पाहता येते.

याचा अर्थ प्रत्येक वाडा वाचवता येईल, असा नव्हे. दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते आणि दर पावसाळ्यात कोठेतरी भिंत पडून जीव जातात. जिथे सांगाडाच कुजला आहे, तिथे मायेपोटी राहणे हा अविचार होय. प्रश्न इतकाच, की निर्णय कोणत्या तपासणीवर घेतला जातो. भिंतीवरची भेग पाहून, की खांबाचा तळ पाहून?

शून्याची किंमत

घराच्या मूल्याचा विचार आपल्या बँकेच्या व्यवहारात रोजच येतो. मूल्यांकनाच्या तक्त्यात इमारतीचे वय जसजसे वाढते, तसतशी तिची किंमत घटत जाते. जमिनीची मात्र वाढते. दोनशे वर्षांच्या वाड्याच्या बाबतीत इमारतीपुढचा आकडा नाममात्र होतो आणि उरतो तो भूखंड. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु तोच वाडा पाडायला काढला, की पहिला ग्राहक येतो तो जुन्या लाकडाचा व्यापारी. तो भिंतीकडे पाहत नाही. थेट आत जातो, खांब ठोकून पाहतो, तुळयांना माप लावतो आणि घनफुटावर भाव बोलतो. तक्त्यात ज्या इमारतीची किंमत उरलेली नव्हती, तिच्या सागवानाला बाजारात रोख मोल येते. ते खांब मग एखाद्या उपाहारगृहाच्या दारात किंवा बंगल्याच्या दिवाणखान्यात शोभेसाठी उभे राहतात; डोक्यावर कसलाही भार नसतो.

लाकडाची पारख त्या व्यापाऱ्याला असते. ती घराच्या मालकाला, वारसांना, भाडेकरूंना आणि त्यांना सल्ला देणाऱ्यांना आधी असायला हवी, कारण घर मोडायचे की सावरायचे हे ठरवणारे तेच असतात. आपल्या गावात, आजोळी किंवा आपण राहतो त्या शहराच्या जुन्या भागात असा एखादा वाडा असेल, तर या पावसाळ्यापूर्वी त्याचे छप्पर शाकारून घ्यावे, पन्हाळ मोकळे करावेत, भिंतीतला पिंपळ मुळासकट काढावा आणि खांबांचे तळ एकदा पाहून घ्यावेत. या कामांना फार मोठी रक्कम लागत नाही. वासे मोजण्याला आपल्या भाषेत वाईट अर्थ आहे खरा. पण आपल्याच घरचे वासे वर्षातून एकदा, काळजीपोटी मोजण्यात वाईट काही नाही.